थर्मासमधला काळा चहा



मागच्या अंकात मी प्रवासातल्या डब्याबद्दल लिहिले. त्यावर काही भगिनींनी विचारले की डब्याचे ठीक आहे, पण चहाचे काय करतेस? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला तरी तसा नाही. अकोल्याहून अमरावतीला रोज अपडाऊन करणाऱ्या मुलीच्या दिवसात चहा हीच एक गोष्ट अशी असते जी कुणी तिच्यावर सोपवलेली नसते. बाकी सगळे ठरलेले. फजरची नमाज, अंघोळ, डबा, सहाला घराबाहेर, गाडी, मूर्तिजापूर, कुरूम, बडनेरा, तिथून ऑटो, मग प्रॅक्टिकल, तास, जर्नल, आणि परत तोच रस्ता उलटा. गाडी फारच उशिरा असली तर एसटी. २०२२ च्या जूनमध्ये याच अमरावती–अकोला रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीज बुकात नाव गेले, हे आमच्या डब्यातले लोक अजून अभिमानाने सांगतात. रस्ता गुळगुळीत झाला, पण एसटीत बसून ग्लासातला चहा पिता येतो असे मात्र नाही.

म्हणून थर्मास. आणि थर्मासमुळे काळा चहा.

आमच्या घरी चहा म्हणजे दुधाचा, आले ठेचून घातलेला, साखर जरा पुढे असलेला. पहिले वर्षभर मी तोच थर्मासात भरून नेत होते. दुधाचा चहा दोन तास कोंडून ठेवला की त्याला एक शिळा वास येतो. झाकणाच्या रबराला तो असा धरतो की नंतर साधे पाणी ठेवले तरी ते चहासारखे लागते. एप्रिल-मेमध्ये, जेव्हा अकोल्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा तर दोनदा चहा नासून त्याचे पनीर झालेले मी बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर ओतले आहे. वसतिगृहात राहणाऱ्या मैत्रिणींची अडचण वेगळी, पण निष्कर्ष तोच. खोलीत फ्रिज नाही, पाव लिटर दूध आणले तर संध्याकाळपर्यंत टिकत नाही, आणि शेगडी लावायची परवानगी नसते. गरम पाण्याची किटली मात्र असते. म्हणजे विद्यार्थ्यांमध्ये काळ्या चहाची जी आवड दिसते ती सगळी फॅशन नसते. बरीचशी दुधाची गैरसोय असते.

माझ्या आपाने, म्हणजे मावसबहिणीने, जी अमरावतीला वसतिगृहात राहते, मला गेल्या हिवाळ्यात एक पाकीट दिले. पंचवीस पिशव्यांचे, अर्ल ग्रे. नाव ऐकून मला वाटले काहीतरी भारी असणार. तशी ती विलायतेत अगदी रोजची, घराघरातली गोष्ट आहे. चार्ल्स ग्रे नावाचा एक उमराव १८३० ते १८३४ इंग्लंडचा पंतप्रधान होता, त्याच्या नावावर हा चहा खपतो. साधी काळी पत्ती आणि तिला बर्गमॉट नावाच्या फळाच्या सालीचे तेल लावलेले, इतकेच. बर्गमॉट हे लिंबू-संत्र्याच्या कुळातले फळ, मुख्यतः इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियात पिकते. खायला कडू-आंबट, म्हणून ते कुणी सोलून खात नाही. सालीसाठीच लावतात.

पहिला कप मी रविवारी केला, घाई नसताना. हे मुद्दाम सांगते, कारण घाईत कशाचीच चव कळत नाही. पाकीट उघडल्याबरोबर जो वास आला तो मला ओळखीचा वाटला, पण आठवेना. अत्तराच्या दुकानासारखा, पण थंड. पाणी खळखळ उकळले, गॅस बंद केला, पिशवी काचेच्या ग्लासात टाकून वर पाणी ओतले आणि चार मिनिटे थांबले. आपल्याकडे चहा उकळायची सवय असते, त्यामुळे हात आपोआप पातेल्याकडे जातो. पण हा उकळला तर वास छपरावर आणि कडवटपणा ग्लासात, अशी वाटणी होते. रंग उतरला तो तांबूस, मातीच्या नव्या मडक्यासारखा. पहिला घोट मला आवडला नाही. दूध नसले की चहाची खरी तुरट चव जिभेच्या कडांना येऊन भिडते, आणि जन्मभर ती दुधाखाली झाकलेली असल्यामुळे आपल्याला ती काहीतरी चुकल्यासारखी वाटते. दुसऱ्या घोटात वास वर आला. तिसऱ्याला मला आठवले. नोव्हेंबरात अब्बू मोर्शीकडून संत्र्याची पेटी आणतात आणि आम्ही अंगणात बसून सोलतो, तेव्हा सालीचा बारीक फवारा डोळ्यांत उडतो. तो हाच वास.

दादी समोर बसली होती. तिने ग्लासाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “बेटा, ये काला पानी किस जुर्म में पी रही है?”

घरात हे नाव तेव्हापासून चिकटले. काला पानी.

पुढच्या काही आठवड्यांत मी पाकिटातल्या पिशव्या जपून वापरल्या. मग हिशोब केला. एका पिशवीच्या पैशात टपरीवर अर्धा चहा येतो. आणि वास तर अंगणात पडलेल्या सालींचा आहे. ज्याला सगळा देश नागपुरी संत्रे म्हणतो, ते आमच्या अमरावती जिल्ह्यात वरुड, मोर्शी, अचलपूर, चांदूर बाजारकडे भरपूर पिकते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे थोडे वाचले. संत्र्याच्या सालीतल्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त भाग एकाच पदार्थाचा असतो, लिमोनीन. बर्गमॉटमध्ये लिमोनीन असतेच, पण सोबत लिनॅलिल अॅसिटेट हा दुसरा पदार्थही बराच असतो, जो लव्हेंडरच्या फुलातही सापडतो. तो अत्तराचा भास त्याचा. म्हणजे संत्र्याची साल ही बर्गमॉटची गावाकडची बहीण समजा. बोलणे थोडे साधे, पण घराणे एकच.

साल चांगली धुवायची, कारण बागेतली फवारणी तिच्यावरच बसलेली असते. आतला पांढरा भाग सुरीने खरवडून काढायचा, नाहीतर चहा कडू होतो. मग सावलीत चार-पाच दिवस वाळवायची. उन्हात वाळवली तर साल राहते आणि वास जातो. दोन ग्लास पाण्याला एक सपाट चमचा पत्ती आणि नखाएवढे सालीचे तीन-चार तुकडे, झाकून चार मिनिटे, गाळून थर्मासात. पत्ती थर्मासात राहू द्यायची नाही, मूर्तिजापूर येईपर्यंत औषध होते. साखर मी अर्धा चमचा घालते, कधी नाही. एक खजूर तोंडात धरून हा चहा पिऊन पाहा, साखरेची आठवण होत नाही.

दादीचाही पुढे मतपरिवर्तनाचा दिवस आला. एकदा संत्र्याची साल संपली होती म्हणून मी परसातला पुदिना टाकला. दादीने वास घेतला आणि ग्लास माझ्या हातातून काढूनच घेतला. ती हजला गेली होती तेव्हा मदिन्यात तिने बिनदुधाचा, पुदिन्याचा, भरपूर साखरेचा चहा छोट्या काचेच्या पेल्यातून प्यायला होता. इतक्या वर्षांत तिने आम्हाला खजुरांबद्दल सांगितले, जमजमबद्दल सांगितले, गर्दीबद्दल सांगितले, पण चहाबद्दल कधी बोलली नव्हती. त्या दिवशी अर्धा तास बोलली. केरळच्या मलबारातही बिर्याणीनंतर असाच काळा चहा देतात, लिंबू आणि वेलची घालून, त्याला सुलेमानी म्हणतात. म्हणजे काला पानी ही काही आपल्या लोकांना परकी वस्तू नाही. वऱ्हाडात दूधच इतके मुबलक की आपण तिकडे वळलो नाही एवढेच.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. आता जे लिहायचे आहे ते लिहायला मला जरा लाज वाटते.

काळा चहा मला जमला, आवडला आणि मग तो जेवणाच्या जागी येऊन बसला. सकाळी सहाला भूक नसते. अम्मी पोळी-भाजी पुढे करायची, मी म्हणायचे गाडीत खाते. गाडीत थर्मास उघडायचा, दोन बिस्किटे, की झाले. बाराच्या सुमारास कॅन्टीनचे पोहे, त्याच्यासोबत पुन्हा चहा. संध्याकाळी परतीच्या गाडीत उरलेला चहा. डबा अनेकदा तसाच घरी यायचा आणि मी तो गुपचूप शेजारच्या बकरीला घालायचे. होय, मागच्या अंकात डब्याचे धडे देणारी हीच मी. जिना चढताना धाप लागायची, ते मी झोपेवर ढकलले. केस गळायचे, ते पाण्यावर. डोळ्यांपुढे अंधारी यायची, ते परीक्षेवर.

फेब्रुवारीत एका आरोग्य शिबिरात मुलींचे रक्त तपासले. माझे हिमोग्लोबिन ८.६ निघाले. बाईमाणसाचे ते निदान १२ असायला हवे. डॉक्टर मॅडमनी आधी सिकलसेलची तपासणी करून घेतली, कारण विदर्भात तो आजार आहे आणि नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही. ती तपासणी निर्धोक आली, अल्हम्दुलिल्लाह. लोहच कमी होते. मॅडमनी गोळ्या लिहून दिल्या. मी त्या दुसऱ्या दिवसापासून नेमाने घेऊ लागले. गाडीत. चहासोबत.

महिन्याने पुन्हा तपासले तर ८.९. मॅडमनी विचारले, गोळी कशासोबत घेतेस? मी सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या, “तू केमिस्ट्री शिकतेस ना?”

बडनेऱ्याहून येईपर्यंत मी मनात सगळी समीकरणे मांडत होते. चहाच्या तुरटपणाला कारण असलेले टॅनिनच्या जातीचे पदार्थ लोहाला धरून ठेवतात आणि जे संयुग होते ते विरघळत नाही. न विरघळलेले लोह आतड्यातून रक्तात जात नाही. हे मी पुस्तकात शिकले होते, परीक्षेत लिहिले होते, गुणही घेतले होते.

घरी येऊन मी अम्मीला स्वयंपाकघरात बोलावले. एक गोळी घेऊन तिचा रंगीत थर खरवडला, आतली फेरस सल्फेटची पूड वाटीत थोड्या पाण्यात विरघळवली आणि वर दोन चमचे काळा चहा टाकला. तांबूस चहा बघता बघता निळसर काळा झाला. शाईसारखा म्हणत नाही मी, शाईच. दादी खुर्चीवरून वाकून पाहत होती. ती म्हणाली, दादाजान माजूफळ आणि हिराकस भिजवून कलमाची शाई करायचे, तिचा हाच रंग. बरोबर होते तिचे. माजूफळात टॅनिन, हिराकस म्हणजे लोहाचे सल्फेट. शेकडो वर्षे कातिबांनी ज्या शाईने किताबती केली तीच मी रोज सकाळी मूर्तिजापूरच्या आसपास स्वतःच्या पोटात तयार करत होते. अम्मी मात्र वेगळ्याच गोष्टीकडे वळली. तिने लोखंडी कढई आणून दाखवली. कढईत चहाचे पाणी सांडले की काळा डाग पडतो हे तिला वीस वर्षांपासून ठाऊक होते. का पडतो हे कुणी सांगितले नव्हते.

मग वाटीत मी लिंबू पिळले. काळा रंग बराचसा गेला, पाणी पुन्हा तपकिरी झाले. कपड्यावरचा जुना शाईचा डाग लिंबाने जातो तो यामुळेच. लिंबातली आंबटाई लोहाला टॅनिनपासून सोडवते आणि त्यातले क जीवनसत्त्व लोह शरीरात घ्यायला मदत करते. यावरून चहात लिंबू पिळून सोबत गोळी घ्यावी असे कुणी समजू नये. पोट म्हणजे वाटी नव्हे. लिंबाने नुकसान थोडेफार भरून निघते, पुसले जात नाही. दुधाचा चहा घेऊनही सुटका नाही. चहा तोच, वर दुधातला कॅल्शियम लोहाच्या वाटेत आपला अडथळा घालतो.

आणि एक गोष्ट पाकीटवाल्या चहाबद्दल. लिंबाचा, संत्र्याचा, बर्गमॉटचा वास असलेल्या पिशवीत वास असतो, फळ नसते. वास सालीच्या तेलात असतो, आणि त्या तेलात क जीवनसत्त्व नसते. माझी वाळवलेली सालही यात पास होत नाही, ती चवीपुरतीच. खरे लिंबू हवे असेल तर लिंबूच कापावे लागते, आणि अकोलेकरांना ते सांगावे अशी गरज नाही. बाळापूर तालुक्यातले वाडेगाव लिंबासाठी प्रसिद्ध आहे. इथल्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तर चक्रधर नावाचे बिनबियांचे, बिनकाट्यांचे लिंबू काढले आहे. ते पिळायचे कुठे, एवढेच बदलायला हवे. चहात पिळले तर रंग सुंदर सोनेरी होतो, चवही लागते, जरूर पिळा. पण पोह्यांवर, वरणावर, अंबाडीच्या भाजीवर पिळले तर त्या अन्नातले लोह अंगी लागते.

पोह्यांचे नाव निघाले म्हणून सांगते. अमरावतीत सकाळी कुठल्याही गाडीवर उभे राहा, चण्याच्या तर्रीचे पोहे किंवा गिला वडा घेतला की लगेच हातात चहाचा ग्लास येतो. ही जोडी आपण इतकी पक्की मानतो की एक घेतले आणि दुसरे नाही घेतले तर गाडीवाला विचारतो, ताई काही चुकलं का? जेवणासोबत चहा घेतला तर धान्य-भाजीतले लोह निम्म्याहून कमी पचते, असे प्रयोगांत दिसले आहे. तासाभराचे अंतर ठेवले की अडथळा बराच कमी होतो. चहा सोडायचा नाहीये. त्याला तासभर दाराबाहेर बसवायचे आहे.

आपल्या घरांत या विषयावर एक ठरलेले उत्तर मिळते. “आपल्याकडे मटण होते, आपल्या पोरींना रक्त कमी कसे पडेल?” मीही हेच म्हटले होते मॅडमना. मटणातले लोह सहज पचते आणि चहा त्याला फारसे अडवत नाही, हे खरे आहे. कलेजीत तर भरपूर असते. पण मी त्या रविवारी दस्तरखानवर नीट पाहिले. अब्बू, दोन्ही भाऊ, आलेले पाहुणे यांच्या ताटात बोटी. दादीला दात नाहीत म्हणून तिला मऊ तुकडे. माझ्या ताटात दोन बोटी आणि रस्सा. अम्मी शेवटी बसली, तिच्या ताटात रस्सा, बटाटा आणि पातेल्याला लागलेला मसाला. कुणी तिला नको म्हटले नव्हते. कुणी वाढलेही नव्हते. आणि जेवण झाल्याबरोबर तिने सगळ्यांसाठी चहा टाकला, आणि स्वतः दोन कप घेतला, कारण दिवसभरात तोच एक वेळ ती बसते.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये देशात ५७ टक्के आणि महाराष्ट्रात ५४ टक्के जणींना रक्तक्षय आढळला. हे आकडे मी आधीही वाचले होते. तेव्हा ते मला कुठल्यातरी दुष्काळी गावातल्या बायांचे वाटले होते. शाळेत असताना दर आठवड्याला आम्हाला लोहाची निळी गोळी मिळायची, आणि ती घेतल्याने मळमळते म्हणून आम्ही अर्ध्याजणी ती खिडकीबाहेर टाकायचो. त्या खिडकीखाली तुळस फार जोमाने वाढली होती असे आम्ही म्हणायचो आणि हसायचो.

मार्चमध्ये रमजान आला आणि चहाची शिस्त लावायला त्याहून चांगला महिना नव्हता. सहरीला शेवटचा घोट चहाचा, ही आमच्या घरची जुनी पद्धत. रोजात डोके दुखू नये म्हणून. मी शेवटचा घोट लिंबूपाण्याचा केला आणि चहा इफ्तारच्या दीड तासानंतर, तरावीहच्या आधी. पहिले तीन रोजे डोके असे ठणकले की दादीने “काला पानी छोड़ दिया तो सज़ा मिली” म्हणून चिडवले. चौथ्या दिवसापासून त्रास गेला. गोळी मी रात्री झोपताना, जेवणापासून अंतर ठेवून, पाण्यासोबत घ्यायची ठरवली. गोळीने शौचाचा रंग काळा होतो, तो पाहून माझी एक मैत्रीण घाबरून गोळ्या बंद करून बसली होती, म्हणून इथे लिहिते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मळमळ फार असेल, पोट जड होत असेल तर डॉक्टरांना विचारून वेळ किंवा गोळी बदलून घ्यावी, पण खिडकी उघडू नये.

ईदनंतर काही आठवड्यांनी तपासले तेव्हा ११.१ आले. अजून १२ नाही. मॅडम म्हणाल्या, आकडा बारावर गेला तरी साठा भरायला आणखी तीन महिने गोळ्या चालू ठेव.

त्याच दिवशी मी अम्मीला सोबत नेले होते. ती रिक्षात बसेपर्यंत म्हणत होती, मला काय झालेय, मी तर धडधाकट आहे, उगाच पैसे. चौघांच्या बाळंतपणात कधी तपासले असेल तेवढेच. सरकारी दवाखान्यात पैसेही लागले नाहीत. बोट टोचताना तिने डोळे मिटले आणि बिस्मिल्लाह म्हटले. ७.९ आले.

आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो. ती कागद उलटा-सुलटा करून पाहत होती, जणू मागच्या बाजूला दुसरा आकडा असेल. मग म्हणाली, “तेरा कितना था शुरू में?” मी सांगितले, ८.६. तिला जरा वाईट वाटले आणि जरा, मला वाटते, जिंकल्यासारखेही वाटले.

रात्री हे सगळे अब्बूंना सांगितले. ते फार बोलत नाहीत. पुढच्या जुम्याला त्यांनी मटणासोबत अर्धा किलो कलेजी आणली आणि जेवताना भांड्यातून स्वतः चमचा उचलून पहिली वाढणी अम्मीच्या ताटात केली. अम्मी इतकी ओशाळली की तिने त्यातली अर्धी माझ्याकडे सरकवली. मी ती परत सरकवली. दादी म्हणाली, दोघीही खा आणि भांडा नंतर. कुरआनात खाण्याबद्दल हलालसोबत तय्यिब हा शब्द आला आहे, सूरह अल-बकरात. हलाल आम्ही नेहमी पाहत आलो. तय्यिब म्हणजे काय, ते कुणाच्या ताटात किती पडले यावरही असेल, असा विचार मला त्या दिवशी पहिल्यांदा आला. जाणकारांनी चूक असेल तर दुरुस्त करावी.

आता सकाळी सहाला मी निघते तेव्हा आधी अर्धी ज्वारीची भाकरी आणि रात्रीची भाजी लिंबू पिळून उभ्या उभ्या खाते. थर्मास पिशवीत असतो, पण बंद. मूर्तिजापूर गेले, कुरूम गेले. बडनेऱ्याला उतरून ऑटो मिळेपर्यंत जो वेळ जातो त्यात मी झाकण उघडते. संत्र्याच्या सालीचा वास दोन तासांनीही शिल्लक असतो, प्लॅटफॉर्मवरच्या तळणाच्या वासात मिसळतो आणि शेजारी उभी असलेली एखादी मुलगी वळून पाहते. कालच एकीने विचारले, ताई, हा कोणता चहा? मी तिला झाकणात ओतून दिला. तिने घोट घेतला, तोंड वाकडे केले, आणि झाकण परत न देता दुसरा घोट घेतला. मग मी विचारले, सकाळी काही खाऊन निघालीस का?

घरी अम्मीची गोळी आणि माझी गोळी एकाच डबीत, साखरेच्या डब्याशेजारी. दुपारी जेवण झाले की ती अजूनही सवयीने पातेले गॅसवर ठेवते, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहते आणि पातेले खाली उतरवून ठेवते. आपाला मी संत्र्याच्या साली भरलेली बरणी पाठवली आहे. तिच्या मजल्यावर सोळा मुली राहतात. तिने सोबत लोहाच्या गोळीची आणि दोन चमचे चहाची वाटीतली गोष्ट करून दाखवायचे कबूल केले आहे. येत्या रविवारी, इन्शाअल्लाह.